चिंच कशाला आणि सोडा कशाला?

दिवाळीला आठ दिवस उरले की अँटॉप हिलच्या आमच्या इमारतीत घरोघर एकच गडबड सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, देवघरातील समई, निरांजने, ताम्हन, पळी बाहेर निघतात आणि जिन्यात चिंचेचा आंबट वास दरवळू लागतो. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी शेजारची नववीतली मुलगी प्लॅस्टिकची बाटली हातात धरून आमच्या दारात उभी राहिली. बाटली चांगलीच फुगून दगडासारखी टणक झाली होती.

"काका, ही फुटणार तर नाही ना?"

मी बाटली मोरीत ठेवली, तिच्यावर जाड ओला टॉवेल टाकला, तिला मागे उभे केले आणि तोंड बाजूला वळवून झाकण अगदी हळूहळू सैल केले. मोठा आवाज होऊन फेस उसळला आणि बाटली पुन्हा मऊ झाली. मग तिने सांगितले ते असे : "चिंचेने तांब्याची भांडी लखलखतात, लिंबाने नळावरचे पांढरे डाग जातात, व्हिनेगरने काच स्वच्छ होते आणि खाण्याच्या सोड्याने तेलकटपणा जातो. मग चारही एकत्र केले तर एकाच बाटलीत सगळी सफाई होईल, असे मला वाटले. भरपूर सोडा घातला, झाकण लावले आणि हलवले."

तिचा अंदाज चुकला होता, पण तो मूर्खपणाचा मुळीच नव्हता. आम्ही दोघांनी ते मिश्रण लगेच वापरून पाहिले. तांब्याच्या पळीचा काळेपणा तसाच राहिला आणि कढईचा चिकटपणाही हटला नाही. चार गुणी पदार्थ एकत्र आले आणि त्यांचा गुणच नाहीसा झाला! असे का झाले, हे समजून घेतले तर तुम्हाला घराच्या सफाईचे बरेचसे शास्त्र कळेल, आणि काही अपघातही टळतील.

मळ एका जातीचा नसतो

आपण सगळ्यालाच मळ म्हणतो, पण त्याच्या जाती वेगवेगळ्या आहेत. कपाटावरची धूळ नुसती बसलेली असते, ती फडक्याने निघते. चहाच्या कपाच्या तळाला वाळलेली साखर पाण्यात विरघळते, म्हणून ती पाण्याने जाते. कढईवरचा तेलाचा थर पाण्यात विरघळत नाही. तांब्याच्या भांड्यावरचा काळा थर तर बाहेरून येऊन बसलेला नसतोच. तो त्या तांब्यापासूनच तयार झालेला असतो. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर म्हणजे पाण्यातील क्षार.

तेव्हा सफाईचा पहिला प्रश्न "कोणता पदार्थ चांगला?" हा नाही. "हा मळ कोणत्या जातीचा?" हा आहे. कुलूप पाहिल्यावाचून किल्ली निवडता येत नाही, तसेच हे आहे.

तांबे आणि चिंच

तांबे हवेत राहिले की त्याचा हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो आणि पृष्ठभागावर कॉपर ऑक्साइडचा तपकिरी-काळा थर बसतो. हा थर पाण्यात विरघळत नाही. आम्लात मात्र तो विरघळतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक आम्ल. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्लाचे प्रमाण सुमारे ५ ते ६ टक्के असते. आम्लाची ऑक्साइडवर क्रिया झाली की तांब्याचा विरघळणारा क्षार व पाणी तयार होते, काळा थर निघून जातो आणि खालचे लालसर तांबे उघडे पडते.

आता आजी चिंचेबरोबर मीठ का घेते, ते पाहा. मिठाची दोन कामे आहेत. एक तर त्याचे खडे घासायला उपयोगी पडतात. दुसरे काम रासायनिक आहे. मिठातील क्लोराइड आयन तांब्याच्या आयनांशी बांधले जातात व त्यांना द्रावणात धरून ठेवतात. त्यामुळे थर अधिक वेगाने विरघळतो. अँटॉप हिलच्या शेजारी वडाळ्याच्या बाजूला एके काळी मिठागरे होती. समुद्राचे पाणी उन्हात आटवून मिळणारे जाडे मीठ या कामाला उत्तम.

पण नुसते मीठ चालेल का? नुसती चिंच चालेल का? यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. तांब्याच्या तारेचे, जुनी व सारखीच काळी पडलेली, चार तुकडे घ्या. चार वाट्यांत अनुक्रमे साधे पाणी, मिठाचे पाणी, चिंचेचा कोळ आणि मीठ घातलेला चिंचेचा कोळ घ्या. वाट्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या असाव्यात. प्रत्येकीत एकेक तुकडा दहा मिनिटे ठेवा आणि न घासता नुसता धुऊन पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची व बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा प्रयोगशाळेतला नियम तुम्ही येथे पाळलेला आहे, हे लक्षात आले ना?

भांडे लखलखीत झाले की ते भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडे पुसा. चिंचेचा कोळ राहिला तर तांबे पुन्हा लवकर काळवंडते. शिवाय त्या कोळात तांब्याचे क्षार विरघळलेले असतात आणि ते पोटात जाणे चांगले नाही. ताक, आमटी, लोणचे असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकतात, त्याचे कारणही हेच. जी क्रिया भांडे उजळते तीच अन्न बिघडवते. आणि कल्हई केलेल्या भांड्याच्या आतून मीठ घालून खसाखसा घासू नका. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो झिजून जाईल.

तेल आणि रिठा

तेलाच्या थराला चिंच फारशी उपयोगी नाही, कारण तेल आम्लात विरघळत नाही. पाणीही तेलकट पृष्ठभागावर पसरत नाही, त्याचे थेंब होऊन राहतात. पाण्याचे रेणू एकमेकांना आतल्या बाजूला ओढतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. याला आपण पृष्ठताण म्हणतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचा पृष्ठताण प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ७३ डाइन इतका असतो. साबण मिसळला की तो निम्म्याच्या खाली येतो, आणि मग पाणी पसरू लागते, फटीत शिरते.

साबणाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही असते आणि लांब शेपूट तेलस्नेही असते. असे असंख्य रेणू आपल्या शेपट्या तेलाच्या थेंबात रोवतात आणि जलस्नेही टोके बाहेर पाण्याकडे ठेवतात. अशा रीतीने चारी बाजूंनी वेढलेला तेलाचा बारीक थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. अँटॉप हिलपासून फार दूर नसलेल्या शिवडीला १९३४ साली लिव्हर ब्रदर्सच्या कारखान्यात साबण तयार होऊ लागला. पण कारखान्यातला साबण घरोघर पोचण्यापूर्वी आपल्याकडे लोक कपडे आणि केस कशाने धूत होते? रिठ्याने आणि शिकेकाईने.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग शर्करेचा, म्हणजे जलस्नेही, आणि दुसरा तेलस्नेही असतो. म्हणजे साबणाचीच युक्ती निसर्गाने वेगळ्या साहित्यातून साधलेली आहे. या झाडाचे शास्त्रीय नाव सॅपिंडस. त्याचा अर्थच 'भारतीय साबण' असा होतो. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत आणि साबणाच्या अल्कलीने ती खराब होतात. रिठ्याच्या पाण्यात तसली अल्कली नसते. म्हणून रेशमी वस्त्रे आणि दागिने धुण्यासाठी रिठा आजही वापरला जातो.

यासाठीही एक सोपा प्रयोग आहे. ताटलीत पाणी घ्या आणि त्यावर मिऱ्याची पूड भुरभुरा. पूड तरंगेल. आता रिठा भिजवलेल्या पाण्यात बोट बुडवून ते ताटलीच्या मध्यभागी टेकवा. पूड झटकन कडेला पळते. पूड बोटाला घाबरली का? नाही. मध्यभागी पृष्ठताण कमी झाला आणि कडेच्या जास्त पृष्ठताणाने पृष्ठभाग आपल्याकडे ओढून घेतला.

गावाकडे चुलीची राख आणि नारळाची शेंडी यांनी भांडी घासत, ते अजूनही काही घरांत चालते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते अल्कलीधर्मी असल्याने तेलकट थर सुटायला मदत होते, आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. मुंबईच्या गॅसच्या शेगडीत राख कुठली? तेथे खाण्याचा सोडा हाच मार्ग घेतो. तो सौम्य अल्कली आहे, आणि त्याचे कण मऊ असल्याने ओरखडे कमी पडतात. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळा. गरम पाण्यात सोडियम बायकार्बोनेटचे काही प्रमाणात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, होते. हा अधिक तीव्र अल्कली असतो, म्हणून करपलेला थर सुटून येतो. तेलाच्या चिकट बरणीला आधी तांदळाची पिठी किंवा बेसन चोळले तर त्याचे बारीक कण बरेचसे तेल टिपून घेतात, आणि धुवायला साबण कमी लागतो.

माटुंग्याच्या, १९३३ साली सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेले आणि अशी पृष्ठक्रियाशील द्रव्ये यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे तुमच्या मोरीतला फेस हा उच्च शिक्षणाचाही विषय आहे, बरे!

चांदीची गंमत

चांदीचे निरांजन काळे पडते ते ऑक्सिजनमुळे नव्हे. हवेत गंधकाची संयुगे अल्प प्रमाणात असतात. त्यांच्यामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. दंतमंजनाने घासले की चकाकी येते खरी, पण त्या थराबरोबर थोडी चांदीही जाते.

त्याऐवजी एका काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा अंथरा, त्यावर चांदीची वस्तू टेकवून ठेवा आणि चमचाभर सोडा व थोडे मीठ घातलेले कढत पाणी ओता. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा. थोड्या वेळात सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो आणि चांदी उजळते. येथे एक छोटा विद्युत घट तयार झालेला आहे. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते, ते चांदीच्या सल्फाइडला मिळतात आणि सल्फाइडची पुन्हा चांदी होते. घासून चांदी गमावण्याऐवजी आपण ती परत मिळवली! मात्र खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळपट नक्षी ठेवलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नका.

बाटली का फुगली?

आता आपल्या फुगलेल्या बाटलीकडे वळू. चिंच, लिंबू आणि व्हिनेगर ही तिन्ही आम्ले. सोडा अल्कलीधर्मी. दोघांची गाठ पडली की उदासिनीकरण होते. आम्लाचा आम्लपणा जातो आणि सोड्याचा अल्कलीपणाही. उरते ते क्षाराचे पाणी, आणि बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. फेस पाहून आपल्याला वाटते की काहीतरी जोरात साफ होत आहे. खरे म्हणजे तो फेस दोन्ही पदार्थ खर्ची पडत असल्याची खूण आहे.

थोडा हिशेब करू. व्हिनेगरमध्ये ५ टक्के ॲसिटिक आम्ल असेल तर १०० मिलिलिटरमध्ये ते सुमारे ५ ग्रॅम असते. ॲसिटिक आम्लाचा रेणुभार ६०, सोडियम बायकार्बोनेटचा ८४. म्हणून ५ ग्रॅम आम्लाला ७ ग्रॅम सोडा पुरतो. या क्रियेत साध्या तापमानाला आणि दाबाला सुमारे २ लिटर वायू बाहेर पडतो. एक लिटरच्या बंद बाटलीत एवढा वायू कोंडला तर, थोडा पाण्यात विरघळला तरी, आतील दाब बाहेरच्या दाबाच्या तिपटीच्या आसपास जाऊ शकतो. तिच्या बाटलीत व्हिनेगरखेरीज आणखी दोन आम्ले होती. बाटली काचेची असती तर काय झाले असते, याचा विचार करा. म्हणून सोडा आणि आम्ल बंद बाटलीत कधीही एकत्र करू नका.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

"हे तर घरातलेच, खाण्यातलेच पदार्थ, त्यांनी काय होणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणत असे. एकदा मी कडप्प्याच्या ओट्यावरचे डाग लिंबाच्या सालीने घासून काढले. डाग गेले, पण त्या जागी फिकट, खरखरीत चट्टे उमटले ते आजही आहेत. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि संगमरवरही त्याच कुळातला. त्यांतील कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होते आणि पृष्ठभागाची झिलई जाते. नळाच्या तोटीवरचा पांढरा थरही बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचाच. त्यावर लिंबू वरदान ठरते, ओट्यावर तेच शाप ठरते. क्रिया तीच, जागा वेगळी.

मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे मऊ पाणी येते, म्हणून तो थर सावकाश साठतो. ज्या घरी कूपनलिकेचे कठीण पाणी येते तेथे तो लवकर दिसतो. तेथे साबणालाही फेस कमी येतो. रिठ्याच्या फेसावर मात्र कठीण पाण्याचा परिणाम फारसा होत नाही.

प्रत्येक धातूचा स्वभावही वेगळा असतो. स्टीलच्या भांड्यात मिठाचे पाणी फार वेळ राहिले तर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडू शकतात. ॲल्युमिनियमचे भांडे सोड्याच्या गरम पाण्याने काळवंडते. पाण्यात थोडे आम्ल असले की हा काळेपणा टळतो, म्हणूनच घरोघर कुकरच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समई चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवली तर पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते आणि समईवर गुलाबी-लाल डाग दिसतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलीच आग होते, आणि तलावात पडले तर ते माशांना विषारी ठरते.

या सर्वांहून महत्त्वाची सूचना आता देतो. ती लक्षात ठेवा आणि घरी सांगा. न्हाणीघरात ब्लीचिंग पावडर किंवा पातळ ब्लीच टाकले असेल, तर त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच किंवा कोणतेही आम्ल ओतू नका. आम्लामुळे ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो. तो घसा, डोळे आणि फुप्फुसे जाळतो, आणि लहान बंद मोरीत जिवावरही बेतू शकतो. चुकून असे झालेच तर दार-खिडकी उघडून ताबडतोब बाहेर या आणि मोकळ्या हवेत थांबा. खोकला किंवा धाप राहिली तर डॉक्टरांकडे जा.

आणखी एक. लिंबू, व्हिनेगर किंवा सोडा यांनी भांडे चमकले म्हणजे ते निर्जंतुक झाले, असे नाही. चकाकी डोळ्यांना दिसते, जंतू दिसत नाहीत. घरात आजारी माणूस असेल तर डॉक्टर सांगतील तेच जंतुनाशक, सांगतील त्याच प्रमाणात वापरावे. हातांसाठी मात्र साबण आणि वाहते पाणी यांना तोड नाही.

शेवटी काय झाले?

त्या दुपारी शेजारच्या मुलीने चार वेगळ्या वाट्या मांडल्या. एकीत चिंच आणि मीठ, दुसरीत लिंबू, तिसरीत सोडा, चौथीत रिठ्याचे पाणी. समोर तांब्याची पळी, स्टीलची तेलकट कढई, नळाची तोटी आणि आईची रेशमी ओढणी. कोणत्या वाटीतले काय कशाला वापरायचे ते तिने आधी वहीत लिहिले आणि मग हात लावला. पळी उजळली, कढई स्वच्छ झाली, तोटी चकाकली आणि ओढणी सुखरूप राहिली. बाटली एकही लागली नाही.

तुम्हीही या दिवाळीत असेच करा. वहीच्या पानावर चार रकाने आखा : वस्तू कशाची, मळ कोणता, पदार्थ कोणता आणि तोच का. चौथा रकाना भरता आला नाही, तर त्या वस्तूला हात लावण्याआधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, एक थेंब लावून पाहा. शिक्षकांनी वर्गातील सर्व वह्या एकत्र करून एक मोठा तक्ता बनवला, तर वर्षभर उपयोगी पडेल. आणि तुमच्या आजीला विचारायला विसरू नका. तिला काय करायचे ते बहुधा माहीत असते. का करायचे, ते आता तुम्ही तिला सांगू शकाल.